रानात दोरी लावून सरासरी काढणारे सुखात्मे

गौलीगुडा (हैदराबाद) : इथल्या जुन्या मराठी मंडळींमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. हैदराबादेत आपण मराठी माणसं आहोत तरी किती? विवेकवर्धिनीच्या आसपास विचारा, जांबागेत विचारा, कोठीकडे विचारा. प्रत्येकाचा आकडा वेगळा. कोणी हजारांत बोलतो, कोणी लाखांत. बोलणारा ठाम असतो, पण आपला आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो हे कोणी सांगत नाही. खरं तर तेच सांगायला हवं. सगळ्यांना विचारणं जमत नाही, थोड्यांना विचारून सगळ्यांबद्दल बोलायचं असतं. मग चूक किती होऊ शकते, तेही त्याच श्वासात सांगितलं पाहिजे.

हे सांगण्याची रीत लंडनमध्ये घडत होती, तेव्हा सातारा जिल्ह्यातला एक मुलगा तिथे शिकत होता. पुढे त्याने ती रीत आपल्या गव्हाच्या आणि भाताच्या रानात आणली, नंतर रोमला जाऊन जगाची भूक मोजायला वापरली, आणि शेवटी पुण्यात येऊन आपल्याच लोकांशी त्यावरून वाद घातला. ते म्हणजे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना नाव तोंडपाठ असतं. पण ज्या शेतकऱ्याचा पीक विमा त्यांनी रुजवलेल्या पद्धतीवर ठरतो, त्याला बहुतेक वेळा हे नाव माहीत नसतं.

बुध ते लंडन

सुखात्म्यांचा जन्म २७ जुलै १९११ चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. हा भाग कोरडवाहू. पाऊस आला तर पीक, नाही तर नाही. शिक्षण पुण्यात झालं. फर्ग्युसन कॉलेजातून १९३२ साली गणित घेऊन बी.एस्सी. झाले आणि १९३३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले.

वेळ अशी साधली की विचारू नका. संख्याशास्त्रातली त्या काळची सगळी मोठी माणसं त्या एका कॉलेजात होती. आर. ए. फिशर होते, इगॉन पिअर्सन होते, आणि १९३४ मध्ये पोलंडहून येर्झी नेमन आले. फिशर आणि नेमन यांचं एकमेकांशी पटत नसे, आणि हे वैर पुढे आयुष्यभर चाललं. सुखात्मे दोघांकडूनही शिकले. फिशर यांच्या एका कसोटीसाठी लागणारी कोष्टकं त्यांनी हाताने गणितं करून तयार केली, ती पुढे फिशर यांच्या प्रसिद्ध कोष्टकांच्या पुस्तकात गेली. नेमन यांच्या नमुना पाहणीच्या कामात तर ते पहिल्यापासून होते.

नेमन यांनी १९३४ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. आज ज्याला आपण कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतो, मराठीत विश्वास अंतराल, त्याचा उल्लेख त्यात आहे. त्याच निबंधात आणखी एक गोष्ट होती. पाहणी करताना लोकसंख्येचे किंवा जमिनीचे गट पाडा, आणि ज्या गटात चढउतार जास्त तिथून जास्त नमुने घ्या. उदाहरण आपलंच घेऊ. बागायतीत उत्पन्न साधारण सारखं असतं, जिरायतीत एक शेत भरलेलं तर शेजारचं कोरडं. मग जिरायतीत जास्त शेतं तपासायला हवीत. पण कुठल्या गटात चढउतार किती, हे आधी कळणार कसं? यावर सुखात्म्यांनी १९३५ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, उत्तर दिलं. आधी छोटी चाचणी पाहणी करा, तिच्यातून चढउताराचा अंदाज घ्या, आणि त्यावर मोठी पाहणी बेता. अंदाज थोडा कच्चा असला तरी फायदा बऱ्याचदा टिकतो, हे त्यांनी गणिताने दाखवलं. १९३६ मध्ये पीएच.डी. आणि १९३९ मध्ये डी.एस्सी. पदवी मिळाली.

अंतराल म्हणजे काय

इथे जरा थांबून हे अंतराल समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे.

समजा एखाद्या शहरात चिठ्ठ्या टाकून, कुठलीही आवडनिवड न करता, ४०० माणसं निवडली. त्यातले ५६ मराठी निघाले, म्हणजे १४ टक्के. हे झालं नमुन्याचं प्रमाण. शहराचं खरं प्रमाण किती? सूत्र अवघड नाही. ०.१४ गुणिले ०.८६, भागिले ४००, त्याचं वर्गमूळ काढायचं. उत्तर येतं ०.०१७३. त्याला १.९६ ने गुणलं की जवळपास साडेतीन टक्के. म्हणजे खरं प्रमाण साधारण साडेदहा ते साडेसतरा टक्क्यांच्या दरम्यान.

सीमाभागातल्या माणसाला यातली मेख लगेच कळेल. भाषिक अल्पसंख्याकांसाठी जी संरक्षणं मान्य झाली, त्यात स्थानिक लोकसंख्येच्या १५ टक्क्यांची अट आहे. तेवढी संख्या असेल तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या. आता वरची पाहणी हातात घेऊन कोणी म्हणालं की मराठी माणसं १५ टक्क्यांच्या खाली आहेत, तर ते खोटं. वर आहेत म्हटलं तरी खोटं. ४०० माणसांच्या पाहणीला ते ठरवताच येत नाही. म्हणून तर अशा कामाला जनगणना लागते.

आणि ९५ टक्के विश्वास म्हणजे नेमकं काय, हेही बहुतेक ठिकाणी चुकीचं सांगितलं जातं. या एका पट्ट्यात खरा आकडा असण्याची शक्यता ९५ टक्के, असा त्याचा अर्थ नेमन यांनी लावला नव्हता. अशीच पाहणी पुन्हा पुन्हा केली, दर वेळी नवी माणसं, दर वेळी नवा पट्टा, तर शंभरातले साधारण ९५ पट्टे खऱ्या आकड्याला पोटात घेतील. हमी पद्धतीची आहे, एकेका पट्ट्याची नाही.

पण एक मोठा धोका यात दिसत नाही. त्याच ४०० जणांना विवेकवर्धिनीच्या दारात उभं राहून विचारलं असतं तर? समजा ६० टक्के मराठी निघाले असते. सूत्राने अंतराल आलं असतं ५५ ते ६५. पट्टा छान अरुंद, आणि शहरापुरता साफ चुकीचा. ४०० ऐवजी ४००० जणांना विचारलं असतं तर पट्टा आणखी अरुंद झाला असता आणि तितकाच चुकीचा राहिला असता. नशिबाने आलेली चूक नमुना वाढवला की कमी होते. एका बाजूला झुकलेली चूक कितीही नमुना घ्या, तशीच राहते. सुखात्म्यांच्या कामाचा मोठा भाग या दुसऱ्या चुकीच्या मागे लागण्यात गेला.

आणेवारी आणि दोरी

भारतात परतल्यावर थोडा काळ ते कलकत्त्याच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थमध्ये शिकवत होते. १९४० मध्ये दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत गेले आणि १९५१ पर्यंत तिथेच राहिले.

त्या वेळी देशात धान्य किती पिकलं हे कसं ठरायचं? आणेवारीने. पटवारी बांधावर उभा राहून पीक बघायचा आणि सांगायचा की यंदा इतके आणे पीक आहे. त्याला नेहमीच्या उत्पन्नाने आणि क्षेत्राने गुणलं की जिल्ह्याचा आकडा तयार. नेहमीचं उत्पन्न म्हणजे काय, तेही कागदावर कधीतरी ठरून गेलेलं. पटवाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही; पीक जास्त लिहिलं तर गावावर सारा बसतो आणि कमी लिहिलं तर वरून विचारणा होते, अशा कात्रीत तो असायचा. पण १९४३ चा बंगालचा दुष्काळ आला आणि देशात धान्य नेमकं किती आहे, हे न कळण्याची किंमत काय असते ते दिसलं.

सुखात्म्यांनी आग्रह धरला तो पीक कापणी प्रयोगांचा. गावं चिठ्ठ्यांनी निवडायची. गावातली शेतं चिठ्ठ्यांनी. शेतात एका ठरलेल्या कोपऱ्यावरून यादृच्छिक संख्यांच्या तक्त्यातली पावलं मोजत जायचं आणि जिथे पोहोचाल तिथे दोरी लावून प्लॉट आखायचा. पीक चांगलं आहे का वाईट, हे बघायचं नाही. दोरीच्या आतलं कापायचं, मळायचं, तोलायचं. हे काम करायला त्यांनी वेगळी फौज मागितली नाही. महसूल आणि शेती खात्याची गावातली माणसंच शिकवून तयार करायची, हा त्यांचा हट्ट. ज्या पटवाऱ्याच्या नजरेवर विश्वास नव्हता, त्याच्याच हातात दोरी आणि तराजू दिला. मला वाटतं त्यांच्या सगळ्या कामातली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट.

या काळात वि. गो. पानसे यांची साथ मोठी होती. दोघांनी मिळून शेती संशोधकांसाठी लिहिलेलं संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ मध्ये आलं आणि कृषी महाविद्यालयांत कित्येक पिढ्यांनी ते वापरलं. त्याच वर्षी नमुना पाहणीवरचा सुखात्म्यांचा स्वतंत्र ग्रंथही प्रसिद्ध झाला. कृषी संख्याशास्त्राची भारतीय संस्था १९४७ मध्ये निघाली, तिचे पहिले अध्यक्ष राजेंद्र प्रसाद आणि चिटणीस सुखात्मे.

महालनोबिसांशी वाद

याच काळात बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस तागाच्या आणि भाताच्या पाहण्या करत होते. त्यांचे प्लॉट छोटे, काही फूट त्रिज्येचे गोल. हिशेब सरळ होता. प्लॉट छोटा असला की काम लवकर होतं, त्याच खर्चात जास्त प्लॉट होतात, आणि प्लॉट जास्त म्हणजे अंतराल अरुंद.

सुखात्म्यांनी एकाच पिकात वेगवेगळ्या आकाराचे प्लॉट लावून बघितले आणि १९४६-४७ मध्ये निष्कर्ष छापले. प्लॉट जितका छोटा तितकं उत्पन्न फुगलेलं! जमीन तीच, पीक तेच. मग कारण काय? कड. दोरीवर जे रोप येतं ते आत धरायचं की बाहेर? माणूस नकळत आत धरतो. मोठ्या प्लॉटला कड थोडी, छोट्याला जास्त. दोन फूट त्रिज्येचा गोल घ्या. त्याचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस फूट आणि परीघही साडेबारा फूट. म्हणजे प्रत्येक चौरस फुटामागे एक फूट कड. आज महाराष्ट्रात बऱ्याच पिकांना १० मीटर बाय ५ मीटरचा प्लॉट असतो. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ५३८ चौरस फूट आणि कड ९८ फूट. चौरस फुटामागे दोन इंचांच्या थोडी वर. एवढ्या मोठ्या प्लॉटमध्ये चार रोपं चुकून आत आली तरी फरक पडत नाही.

महालनोबिस गप्प बसणारे नव्हते. प्रशिक्षित माणसं असली की छोटा प्लॉटही नीट कापता येतो आणि गोल फार लहान नसेल तर हा दोष उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. वाद बराच काळ चालला आणि त्यात संस्थांची चुरसही होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सुखात्म्यांचा मुद्दा पक्का होता. छोट्या प्लॉटचं अंतराल अरुंद दिसतं ते खरं, पण ते फुगलेल्या सरासरीभोवती अरुंद असतं. देशात धान्य आहे त्यापेक्षा जास्त दिसणं, हे दुष्काळाच्या दारात उभ्या असलेल्या देशाला परवडणारं नव्हतं.

आज नांदेड, लातूर, बिदर, बेळगाव, कुठल्याही बाजूचा शेतकरी पीक विमा म्हटलं की पीक कापणी प्रयोगाचं नाव घेतो. पण त्याला सरासरी सांगतात, अंतराल सांगत नाहीत. बघा काय होतं ते. समजा एका महसूल मंडळात सोयाबीनचे १० प्रयोग झाले. सरासरी हेक्टरी १० क्विंटल, आणि प्लॉटागणिक फरक, म्हणजे प्रमाण विचलन, ४ क्विंटल. ४ ला १० च्या वर्गमुळाने भागलं की १.२६. प्रयोग थोडे म्हणून १.९६ ऐवजी २.२६ ने गुणायचं, येतात २.८६. म्हणजे मंडळाची खरी सरासरी ७.१ ते १२.९ मध्ये कुठेही असू शकते. उंबरठा उत्पन्न ११ क्विंटल असेल तर १० च्या हिशेबाने विमा रकमेच्या ९ टक्के मिळतात. खरी सरासरी ८ असती तर २७ टक्के मिळाले असते, १२ असती तर काहीच नाही. प्रयोग ४० केले असते तर पट्टा ८.७ ते ११.३ असा निम्म्याहून कमी झाला असता. चौपट प्रयोग तेव्हा कुठे चूक निम्मी, हा या शास्त्राचा महाग नियम आहे. शिवाय एकाच गावातले दोन प्लॉट एकमेकांसारखे असतात, त्यामुळे प्रत्यक्षातला पट्टा या हिशेबापेक्षा रुंदच असतो. आणि हे सगळं चिठ्ठ्या प्रामाणिकपणे टाकल्या असतील तर. रस्त्याकडेचं सोयीचं शेत निवडलं असेल तर मग विवेकवर्धिनीच्या दारातली गत.

जगाची भूक

१९५१ मध्ये सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत, रोमला, संख्याशास्त्र विभागाचे संचालक म्हणून गेले. वीसेक वर्षं तिथे होते. तिथे पीक मोजायचं नव्हतं, उपाशी माणसं मोजायची होती. त्या वेळी जगातली दोन तृतीयांश माणसं उपाशी आहेत असं सर्रास बोललं जायचं. सुखात्म्यांनी १९६१ मध्ये या दाव्यालाच हात घातला. त्यांच्या हिशेबाने पुरेसं खायला न मिळणारे जगात १० ते १५ टक्के होते. सकस आहार न मिळणारेही धरले तर हा आकडा निम्म्यापर्यंत जात होता. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने पुढे त्यांना गाय पदकाने गौरवलं.

हिशेबातला मुद्दा पुन्हा कडेचाच होता. माणसाला रोज सरासरी समजा २३०० कॅलरी लागतात. मग २३०० पेक्षा कमी खाणारा प्रत्येकजण उपाशी का? नाही. काहींची गरजच १९०० असते, काहींची २७००. प्रत्येकाने आपल्या गरजेइतकंच पोटभर खाल्लं तरी जवळपास निम्मी माणसं सरासरीच्या खाली निघतील, आणि आपण त्यांना उपाशी लिहू. म्हणून रेघ सरासरीवर नको, सरासरीतून दोन प्रमाण विचलनं वजा करून खाली मारा. प्रमाण विचलन ३०० धरलं तर रेघ १७०० वर. त्याखाली खाणारा मात्र बहुधा खरोखरच उपाशी. अंतराल काढतानाची मोजपट्टीच त्यांनी इथे उलटी लावली.

निवृत्तीनंतर ते पुण्यात आले. १९७१ मध्ये पद्मभूषण मिळालं. आणि त्याच वर्षी पुण्यातच वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा प्रसिद्ध अभ्यास आला. त्यांनी माणशी २२५० कॅलरी धरून १९६०-६१ साठी हिशेब मांडला होता. ग्रामीण भागात सुमारे ४० टक्के आणि शहरात सुमारे ५० टक्के लोक रेषेखाली. सुखात्म्यांच्या रेघेने हा आकडा बराच खाली येत होता. दोघेही पुण्याचे, दोघेही आकड्यांचे पक्के, आणि वाद ऐंशीच्या दशकातही चालूच.

सुखात्मे पुढे गेले. माणसाचं शरीर कमीजास्त खाण्याशी काही मर्यादेत जुळवून घेतं, एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते, असा सिद्धान्त त्यांनी शेल्डन मार्गेन यांच्याबरोबर मांडला. इथे विरोध तिखट झाला. दांडेकरांचं म्हणणं असं की सुखात्म्यांच्या रेघेने जास्त गरज असलेला, राबणारा, पण अर्धपोटी माणूस हिशेबातून निसटतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे प्रमुख राहिलेले डॉ. सी. गोपालन यांनाही हे जुळवून घेणं मान्य नव्हतं. गरीब माणूस कमी खाऊन जगतो ते त्याला भागतं म्हणून नव्हे. त्याची वाढ खुंटते, काम कमी होतं, आणि आपण त्याला निरोगी म्हणतो, ही त्यांची हरकत. गंमत अशी की प्रोटीनच्या बाबतीत गोपालन आणि सुखात्मे एकाच बाजूला होते. आपल्याकडचा प्रश्न प्रोटीनच्या पावडरींचा नाही, आधी पोटभर भाकरी मिळण्याचा आहे, हे दोघांनीही त्या काळच्या जागतिक मताविरुद्ध सांगितलं.

या भांडणात कोण बरोबर? शरीराच्या जुळवून घेण्याबद्दल सुखात्मे जास्त पुढे गेले असं मला वाटतं. टीकाकारांची बाजू तिथे वजनदार आहे. पण सरासरीवर रेघ मारून निम्म्या जगाला उपाशी ठरवणं चुकीचं, हे त्यांचं म्हणणं टिकलं. अन्न व कृषी संघटना आजही कमीत कमी गरजेची रेघ धरूनच कुपोषितांचं प्रमाण काढते. २०२० सालासाठी तर तिने एकच आकडा न देता ७२ कोटी ते ८१ कोटी असा पट्टा जाहीर केला.

राष्ट्रीय पातळीवर संख्याशास्त्रज्ञांना मिळणारा एक सरकारी पुरस्कार आता सुखात्म्यांच्या नावाने आहे. दांडेकर १९९५ मध्ये गेले. सुखात्मे त्यानंतर दीड वर्षाने, २८ जानेवारी १९९७ रोजी. रेघ नेमकी कुठे मारायची, यावर दोघांचं शेवटपर्यंत एकमत झालं नव्हतं.